सहा मिलिमीटर

स्तेर्गिओसकाका, तुमच्या रक्तातून आलेलं जे काही
काल मी आगरच्या बशीवर पसरलं,
ते सकाळी उगवलं. दाट, ओलसर, चकचकीत.
वर ठेवलेल्या अकरा चकत्या.
प्रत्येकीभोवती मोकळं कडं पडायला हवं होतं:
औषध इथवर पोचलं, जंतू तिथवर सरले,
एवढंच ते कडं सांगतं.

मी कॅलिपर लावला.
सहा. सहा. सहा.
चकतीच सहा मिलिमीटरची असते, काका.
म्हणजे कडं नाही.

यानिनाच्या या इस्पितळात, तळ्याकडे पाठ केलेल्या खोलीत,
सत्तावीस वर्षं मी हेच मोजते आहे.
माझ्याआधी पोलिक्सेनीबाई मोजायच्या.
त्यांच्या वह्यांत निळ्या शाईत तेवीस, पंचवीस, एकदा तर एकतीस,
आणि समासात बारीक अक्षरात: छान!
त्या पानावरची निम्मी औषधं
आता मी मागवतही नाही.

दुपारी बशी घेऊन तुमच्या खाटेशी आले.
नियमात बसत नाही हे. झाकणाला चिकटपट्टी लावली होती.
तुम्ही चष्मा मागितलात,
चांदीचं काम पारखावं तशी ती उजेडात तिरपी धरलीत,
विचारलंत, "घडवलं कुणी?"

कुणीच नाही, मी म्हटलं.
औषधाच्या पोटात चार कोनांची एक कडी असते, ताणलेली.
तिच्या जिवावर ते औषध.
आणि या जंतूकडे एक विकर आहे, घडी पडलेलं प्रथिन,
त्याच्या खोबणीत जस्ताचे दोन अणू,
दोघांनी मधे धरलेला पाण्याचा एक कण.
कडी आत आली की पाणी तिच्या सांध्यावर घाव घालतं.
बस्स. उघडते.
औषध उरतं ते नावाला.

"जस्त?" तुम्ही हसलात, मग खोकलात.
"डाखात आम्हीही घालतो. जोडायला."

पण घडवणारा नाही, हे तुम्हाला पटेना.
आयुष्यभरात आपोआप झालेली एक कडी
पाहिली नव्हती तुम्ही.
मी सांगत राहिले. नक्कल उतरवताना एखादा काना सुटतो,
एखादी वेलांटी भलतीकडे वळते.
वीस-वीस मिनिटांनी नवी प्रत,
बहुतेक चुका मातीमोल.
एखादीच खोबणी केसभर रुंद करते.
वरून आम्ही औषध ओततो. बाकीचे मरतात, ती चूक उरते,
पुढच्या औषधाला आणखी केसभर,
आणि शेजाऱ्यालाही हातोहात दिली जाते, गोत न विचारता.
भांडण तसं जुनंच, मातीतलं,
माणसाला बोटं फुटायच्या आधीचं.

तुम्ही गप्प. सलाइन थेंब थेंब.
मग म्हणालात, "म्हणजे कानस तुम्ही."

मला कळलं नाही.
"नको ते घासून काढते ती कानस.
कारागीर नसेना का. ती तर कुणाच्या तरी हातात होती."

मला आईचा बिस्किटांचा डबा आठवला,
पडशाला दोन गोळ्या घेऊन उरलेल्या आठ,
शेजारच्या पोराला ताप आला की त्यातल्या तीन.
वडील कोंबड्यांच्या पाण्यात पूड कालवायचे,
पिवळी, गोडूस वासाची. मी ढवळायचे.

अशा विकरांना कधी शहराचं नाव देतात, कधी रुग्णाचं.
तुमचं मी सुचवणार नाही.
तुमचं नाव आईच्या कंबरपट्ट्याच्या फाशावर आहे,
आतल्या बाजूला, ठोकलेली दोन अक्षरं,
आणि तो फासा अजून घट्ट बसतो.

आता पहाटेचे चार.
कपाटात मागे ढकललेलं एक म्हातारं औषध काढलंय,
मूत्रपिंडांवर उठणारं, म्हणून कुणी न वापरलेलं.
आठ खळगे, चढती मात्रा.
पहिला गढूळ. दुसरा गढूळ.
तिसरा दिव्याखाली धरला.
नितळ वाटतोय.
पण दोन तास अजून उबेत ठेवायचाय,
आणि माझे डोळे रात्रभराचे आहेत.
फोन करत नाही.
खुर्ची ओढून बसते.